‘स्लॅबमध्ये कौलं भरून सिमेंट वाचवलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

आम्ही बांधलेल्या तुमच्या घराबद्दल तुमच्या तक्रारी तीन आहेत: स्लॅबमध्ये कौलं भरून सिमेंट वाचवलं, मातीच्या विटांच्या भिंतीला पोपडे आले, आणि एवढं करून घर स्वस्त पडलंच नाही. शेवटी ‘आमच्या घरावर प्रयोग केला’ असंही लिहिलंत. ते वाक्य मला लागलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी स्लॅब. सिमेंट वाचलं हे खरंच आहे, आणि ती बचत तुमच्या अंदाजपत्रकात वजा करून दाखवली आहे. स्लॅबवर भार आला की त्याचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. दाब काँक्रीट पेलतं, ताण सळया पेलतात. खालच्या भागातलं काँक्रीट सळयांना धरून ठेवतं, बाकी नुसतं वजन वाढवतं. म्हणून सळयांच्या मधल्या चौकोनांत मंगलोरी कौलांच्या जोड्या बसवल्या. सळयांभोवतीचं काँक्रीट पूर्ण आहे. दोन कौलांमध्ये हवा कोंडते, त्यामुळे वरचं ऊनही खोलीत कमी उतरतं. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात अशा फिलर स्लॅबची घरं कित्येक वर्षं बांधली. हा प्रयोग तुमच्या घरावर सुरू झालेला नाही.

भिंतीच्या विटा मुरमाड मातीत थोडं सिमेंट मिसळून दाबयंत्रात पाडलेल्या आहेत. अशा विटांसाठी ‘आयएस १७२५’ हे भारतीय मानक आहे. आतून आम्ही चुन्याचा गिलावा केला होता, कारण तो भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. तुमच्या फोटोत त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट दिसतोय. मुळशीच्या पावसात भिंत ओल धरणारच. त्या ओलीची वाट बंद केली की ती रंगाला उचलून बाहेर येते. पोपडे पेंटचे आहेत, विटा शाबूत आहेत.

‘स्वस्त’ हा शब्द आम्ही कधीच दिला नव्हता. साहित्य कमी लागतं, पण विटा साइटवर पाडायच्या, त्यांना रोज पाणी मारायचं, कौलं ओळीत बसवायची, याला कसलेली माणसं लागतात. भट्टीला जाणारा पैसा त्यांच्या हातात पडतो आणि मला ते मनापासून योग्य वाटतं.

पाऊस संपून भिंत वाळली की आमचा गवंडी पाठवतो. पेंट खरवडून चुन्याचा हात देण्याची मजुरी आमच्याकडे. तोवर त्या भिंतीवर कुणालाही वॉटरप्रूफिंगचा थर देऊ देऊ नका.