यॉर्कमधलं 'गेट' म्हणजे दरवाजा नव्हे

इंग्लंडमधल्या यॉर्क शहराच्या फोटोंखाली एक माहिती सध्या फिरते आहे: स्टोनगेट, कॉपरगेट, मिकलगेट या नावांवरून तिथे पूर्वी डझनावारी वेशी होत्या. हे चूक आहे. आपल्याला 'गेट' म्हटलं की फाटकच आठवतं, त्यामुळे गफलत होणं साहजिक. पण या नावांतलं 'गेट' स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंगांच्या भाषेतल्या 'गाता'वरून आलंय, आणि त्याचा अर्थ रस्ता. इ. स. ८६६ मध्ये त्यांनी शहर घेतलं, भाषा गल्लीबोळांत मुरली. मिकलगेट म्हणजे थोरला रस्ता. कॉपरगेटचाही तांब्याशी संबंध नाही. ती लाकडी पेले करणाऱ्यांची आळी. १९७६ ते १९८१ च्या उत्खननात तिथे कातलेले पेले आणि त्यांतून उरलेले लाकडी गाभे सापडलेसुद्धा.

मग खऱ्या वेशींना काय म्हणतात? बार! (दारूचा नव्हे.) बूदम, मंक, वॉमगेट आणि मिकलगेट हे चार मुख्य. मिकलगेट बारवर १४६० मध्ये गादीवर हक्क सांगणाऱ्या यॉर्कच्या ड्यूकचं (बड्या सरदाराचं) मुंडकं कागदी मुकुट घालून टांगलं होतं. राजाचं स्वागत आजही इथेच होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिसऱ्या चार्ल्सचं झालं, तेव्हा गर्दीतून अंडी आली.