उन्हाशी वाकडं

दुपारी डोळे मिटतात एवढं बोलून गेलो, तर मेहुण्याने व्हिटॅमिनची बाटलीच आणून ठेवली. "दाजी, महिन्यात चेहऱ्यावर तेज येतं की नाही बघा!" तेज पंधरा दिवसांतच आलं, लालभडक.

सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर चार फेऱ्या मारून आलो की गाल, मान, हात पुरळाने भरायचे. घरात चौकशी समिती बसली. आईने रविवारच्या मिसळीला धरलं, बायकोने मिसळीच्या दुसऱ्या प्लेटला. शेजारच्या काकांनी द्राक्षांवरच्या फवारणीवर ठपका ठेवला. गोळीवर कोणाचाच संशय नाही. अख्ख्या घरात तेवढीच एक सज्जन. उलट अशक्तपणाच बाहेर पडतोय असं समजून मी एकीच्या दोन केल्या.

त्वचेच्या डॉक्टरांनी आधी घड्याळ काढायला लावलं. खाली पट्ट्याएवढी कातडी कोरी करकरीत. हनुवटीखाली, कानामागे पाहिलं, तिथेही काही नाही. पुरळ बाहीच्या काठापाशी असं सुरू होत होतं, जणू कोणी पट्टी ठेवून रेघ मारलीय.

"ऊन लागतं तिथेच आहे. गोळ्या कुठल्या घेता?"

बाटली पुढे केली. बी-सिक्स, म्हणजे पायरिडॉक्सिन, 100 मिलिग्रॅम. "दिवसाला जेमतेम दोन मिलिग्रॅम लागतं हो! ते केळी-बटाट्यातूनही मिळतं." म्हणजे दोन गोळ्यांतून मी रोज तीन महिन्यांचा कोटा गिळत होतो. एखाद्याच्याच अंगात हे व्हिटॅमिन आणि ऊन एकत्र आलं की शरीर बिथरतं म्हणे. लॉटरी कधी लागली नाही, इथे बरोबर नंबर लागला.

"कारने फिरतो मग," मी म्हणालो. तर उन्हातले यूव्हीए किरण बाजूच्या काचेतूनही आत येतात! सनस्क्रीन घेताना नुसता एसपीएफ बघू नका, तो मुख्यतः यूव्हीबी या दुसऱ्या किरणांचा. यूव्हीएसाठी ट्यूबवर 'पीए' लिहिलेलं असतं, त्यापुढची अधिकची चिन्हं मोजा, असंही बजावलं. शाळेत एक प्लस मिळाला नाही, आता ट्यूबवर चार घेऊन फिरतो.

गोळ्या बंद झाल्या. पण पुरळ ओसरेपर्यंत अंग झाकायचं होतं आणि घरात सनकोट एकच, बायकोचा, गुलाबी फुलांचा. तो चढवला, तिचाच स्कार्फ डोळ्यांपर्यंत गुंडाळला आणि स्कूटर गंगापूर रोडला काढली. मागून एक पोरगा हॉर्न वाजवत शेजारी आला.

"ओ ताई, स्टँड!"

आवाज फुटू नये म्हणून नुसती मान डोलावली आणि पायाने स्टँड वर घेतला.