खुलासा: एचपीव्ही लशीने वंध्यत्व येत नाही

‘एचपीव्हीची लस घेतली की मुलीला पुढे मूल होत नाही’ हा मेसेज वाचून बरेच पालक लस पुढे ढकलतात. दावा खोटा आहे. एचपीव्ही हा गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणारा विषाणू; पण लशीत तो जिवंत विषाणू नसतो. असतात ती त्याच्या आवरणातल्या एल१ प्रथिनाची पोकळ कवचं. आत विषाणूचा डीएनएच नाही, त्यामुळे लशीतून संसर्ग होऊच शकत नाही.

‘एवढ्या लवकर कशाला?’ असंही हमखास विचारलं जातं. ही लस आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणूनच ती संसर्गाची वेळ येण्याआधी, वयाच्या ९ ते १४ वर्षांत द्यायची. पंधरावं उलटलं की अनेक वेळापत्रकांत डोस वाढतात. टोचल्यावर काहींना चक्कर येते, ती बहुधा सुईच्या भीतीने. १५ मिनिटं बसवून ठेवा. आणि हो, मुलग्यांनाही ही लस देता येते.