बटण विकणाऱ्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. पुलाखाली चौघे मिळून एका पोराला बडवतायत, पोर हात जोडतंय आणि खाली आपल्याच लोकांचे हसणारे इमोजी. 'बटणबाज आहे, अजून द्या दोन.' हे लिहिणारे काका दर गुरुवारी मठात जातात.

माझा मामेभाऊ बटणाच्या नादी लागला तेव्हा एकोणीसचा होता. वाळूजला कंत्राटी काम, नाइट शिफ्ट. बटण म्हणजे काय हे आपल्या संभाजीनगरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नायट्राझेपामसारखी झोपेची गोळी, कारखान्यात बनणारी, पट्टीवर लाल रेघ असलेली. मामीला धुणं काढताना त्याच्या जीन्सच्या चोरखिशात पट्टीचे छोटे चौकोन सापडायचे, कात्रीने सरळ कापलेले, नाव आणि बॅच नंबर तेवढा गायब. इतकं नीटनेटकं कोण कापतं हो? पुलाखालचा गर्दुल्ला?

या गोळ्या २०१४ पासून औषध नियमांच्या 'शेड्यूल एच-१' या कडक यादीत आहेत. डॉक्टरची चिठ्ठी लागते. वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं नि पेशंटचं नाव लिहावं लागतं, ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. आमच्या पोराचं नाव कुठल्या डॉक्टरच्या नावापुढे लिहिलंय ते एकदा बघायचंय मला! बरं, सगळे मेडिकलवाले तसे नसतात. आमच्या कोपऱ्यावरचा माझ्या आईलाही चिठ्ठीशिवाय देत नाही. आणि बटण खाऊन पोरं चाकू काढतात हेही खरं. मग पोलिसांत द्या ना. बडवून शूटिंग कसलं करता?

मामानेही आधी बडवलंच. मग खोलीत कोंडलं. चार दिवस मिळाली नाही की आपोआप सुटेल म्हणे. चार-पाच दिवसांनी पोराला फिट आली. दातखीळ बसलेली, तोंडाला फेस, आणि मामी कांदा शोधत घरभर पळतेय. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम मामावर अशा उखडल्या! ही गोळी एकदम बंद करायची नसते, फिट येऊन जीव जाऊ शकतो, डोस डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायचा असतो. वर दारू घेतली तर श्वासच मंदावतो. मामाने आधी कुणाला विचारलंच नव्हतं. विचारणार कसा? मुलीचं लग्न जमत होतं.

तावातावाने लिहायला बसलो आणि आता मामाच डोळ्यांसमोर येतोय. वाईट नाही हो तो माणूस. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून 'पोलीस केस तर नाही ना होणार?' एवढंच विचारत होता. तर हे नीट वाचा: एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यातच कलम ६४अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पुरे केले, तर नशा केल्याबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढलं १९८६ साली. तेव्हापासून व्यसनी माणसाला तिथे पेशंट म्हणून वागवतात. आणि आम्ही अजून 'द्या दोन'वरच.

मामेभाऊ मधे एकदा पुन्हा घसरला. परत नेला. सध्या बरा आहे, सध्या म्हणजे सध्या.

१४४४६ हा नशामुक्तीचा सरकारी नंबर, फुकट लागतो. तिथे फोन करायला जीभ रेटत नसेल तर मला इनबॉक्समध्ये लिहा, मामीचा नंबर देतो. ती आता बोलते यावर. फक्त वेळ काढून फोन करा, तासाभराच्या आत ठेवत नाही.