बरोबरीत झुकतं माप? छे!

लेखात म्हटलंय की अमेरिकेत विद्यापीठ-प्रवेशात तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना 'दोघं' अर्जदार 'तुल्यबळ असले तरच' झुकतं माप मिळतं. पटलं नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशांवरून झालेल्या खटल्यात जे आकडे बाहेर आले, त्यात अर्ज केलेल्या अशा मुलांचं प्रवेशाचं प्रमाण साधारण ३३ टक्के होतं आणि बाकीच्यांचं ६च्या आसपास. हे कसलं बरोबरीतलं माप? आता कुणी म्हणेल, शिकलेल्या घरातली मुलं मुळातच तयार असतात. असतात ना, मग वर आणखी वशिला कशाला?

गेल्या वर्षी लेकीचा कॉमन ॲपचा, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना एकत्र अर्ज करायचा, फॉर्म भरत होतो. आई-वडील कुठे शिकले, असा रकाना असतो. मी लिहिलं, शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर. लेक हसत म्हणाली, "बाबा, याचा इथे काही उपयोग नाही हं!" २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्रवेश देताना अर्जदाराच्या वंशाचा (रेस) विचार करायला मनाई केली, हा रकाना मात्र शाबूत राहिला.

हे झुकतं माप बंद केलं तर माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या आटतील, ही भीतीही जरा अतीच वाटते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०१४ मध्येच ही पद्धत बंद केली, एमआयटी तर वारसा बघतच नाही. दोन्हींचं काही अडलेलं दिसत नाही.