‘एक माप मोठीच घ्या’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, नमस्कार.

दहा वर्षांच्या मुलासाठी स्पोर्ट क्वाड (मोटारसायकलसारखं हँडल असलेली, रस्त्याबाहेर चालवायची चारचाकी गाडी) कशी निवडावी, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. रात्री वाचली आणि मुद्दामच सकाळी उत्तर लिहायला बसलो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, शेतकरी कर्जात असताना असलं लिहिणं शोभत नाही, हेल्मेट-बुटांचा खर्च मी सांगितला नाही, अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सोळा वर्षांआधी क्वाड नकोच म्हणतात. आणि शेवटी, “शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा शिवतो, तशी क्वाडही एक माप मोठीच घ्यावी, १२५ सीसी घेतली की पोरगा कॉलेजात जाईपर्यंत पाहणं नाही, ९० सीसी घ्यायला सांगणं ही दुकानदारांची दलाली आहे.”

मतभेद असू द्या, पण दलाली? आमची संत्र्याची बाग वरुडच्या बाजूला आहे. उभ्या बागेचा सौदा करून ऐन तोडणीला भाव पाडणाऱ्यांमुळे माझ्या वडिलांनी काय सोसलं, ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. त्या माणसांच्या रांगेत मला बसवण्याआधी माझ्या लेखातली एक तरी ओळ दाखवा, जिथे मी कुणाचं दुकान सुचवलं. तुम्ही मला ओळखत नाही. मग निदान जे लिहिलं आहे तेवढं तरी पूर्ण वाचायचं होतं.

हेल्मेटचं तुमचं बरोबर आहे. हेल्मेट, गॉगल, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट हा खर्च गाडीच्या किमतीतच धरला पाहिजे. तेवढे पैसे नसतील तर गाडीही घेऊ नये.

शेतकऱ्याचे हाल मात्र मला शिकवू नका, मी वावरातच राहतो. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, २०१४ साली बंद पडला तेव्हा आपल्याकडे गावंच्या गावं हळहळली, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्याचा कायदा वैध ठरवला तेव्हा आनंदही झाला. वेगाची हौस फक्त श्रीमंताला असते, असं तेव्हा कोणी म्हटलं नाही. बालरोगतज्ज्ञांचं मत मला ठाऊक आहे. पण ज्या माणसाला ते पटतं, तोच चार ओळींनंतर दहा वर्षांच्या मुलाला १२५ सीसी घ्या म्हणतो, हे मला समजलं नाही.

आता त्या गणवेशाच्या वाक्याकडे येतो, कारण लेकराचा हातपाय मोडतो तो याच सल्ल्यानं.

गणवेश ढगळ झाला तर बाही दुमडता येते. क्वाडचं वजन दुमडता येत नाही. स्पोर्ट क्वाडच्या मागच्या दोन्ही चाकांना एकच सलग एक्सल असतो, दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारं डिफरन्शियल नसतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी, पण इथे दोन्ही सारखीच फिरतात. ट्रॅक्टरचं डिफरन्शियल लॉक दाबून कधी वळून पाहिलं असेल, तर नाक कसं सरळच जातं ते तुम्हाला कळेल. क्वाड वळवायची म्हणजे चालवणाऱ्यानं अंग आतल्या बाजूला झुकवायचं, भार बाहेरच्या फूटरेस्टवर टाकायचा, म्हणजे आतलं चाक हलकं होऊन घसरतं आणि गाडी वळते. थोडक्यात, पोराचं वजन हा त्या गाडीच्या स्टिअरिंगचाच भाग आहे.

दहा वर्षांचा पोरगा तीस किलोच्या आतबाहेर असतो. यामाहाची रॅप्टर ९० साधारण १२५ किलोची आहे, आणि तिच्यावर दहा वर्षं पूर्ण असल्याची अट आहे. त्याच कंपनीची वायएफझेड ४५०आर १८० किलोच्या वर जाते, तिला सोळा वर्षांची अट. गाडी जितकी जड, तितकं त्या तीस किलोचं झुकणं तिला जाणवत नाही. मग पोरगा हँडल वळवतो, गाडी सरळ धुऱ्यावर (बांधावर) चढते आणि उलटते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या सख्ख्या पुतण्याला एका दुकानदारानं हेच म्हणून गाडी विकली होती: मोठी घ्या, वाढेल पोरगा. कपाशीची उलंगवाडी झाली होती, पऱ्हाट्या कापलेल्या, खुटं तशीच उभी. पहिल्याच वळणावर गाडी त्याच्या अंगावर आली. गळ्याचं हाड मोडलं. त्याची आई आजही इंजिनाचा आवाज आला की घराबाहेर येते. त्या दिवसापासून मी लोकांना मापाची गाडी घ्या म्हणतो आहे. तुम्ही याला दलाली म्हणता.

सीसीचाही हट्ट सोडा. अमेरिकेत पूर्वी सीसीवरून वय ठरवत; २००७च्या मानकापासून वेगावरून ठरतं. सहा वर्षांवरच्यांची गाडी कंपनीतून ताशी १६ किलोमीटरला बांधलेली असते आणि मोकळी केली तरी २४ च्या पुढे जात नाही. दहा वर्षांवरच्यांची २४ ला बांधलेली, मोकळी करून ४८. म्हणजे वाढायला जागा त्याच गाडीत ठेवलेली आहे: थ्रॉटलचा (ॲक्सिलरेटरचा) स्क्रू आधी पूर्ण आत, पोराचा हात बसला की थोडा थोडा बाहेर. आपल्याकडे सुटे भाग जोडून विकतात त्या बिननावाच्या १२५ वर वयाची पट्टीही नसते आणि वेगाची हमीही नाही.

माप घ्यायला मीटर लागत नाही. पोराला फूटरेस्टवर उभं करा: सीट आणि बूड यांत चार ते आठ बोटं जागा हवी. बसल्यावर मांडी साधारण जमिनीला समांतर, कोपर किंचित वाकलेलं. हँडल पूर्ण वळवलं तरी दोन्ही हात पोचले पाहिजेत, बोटं ब्रेकवर आणि अंगठा थ्रॉटलवर आरामात. किल स्विचची, म्हणजे पोरगा पडला की इंजिन बंद करणारी, दोरी मनगटाला बांधलेली. यातलं एक जरी जमत नसेल तर ती गाडी त्याची नाही, मग ती कितीही स्वस्त मिळो.

पांदणीवरून डांबरी रस्त्यानं दूध आणायचं तुम्ही सुचवलं, ते तर डोक्यातून काढूनच टाका. अशा क्वाडची नोंदणी होत नाही, आणि अल्पवयीन मुलानं रस्त्यावर गाडी घातली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मागे शेजारचं पोट्टं बसवणंही तसंच. ही सीट एकट्याची आहे, मागचा भार आला की झुकायला जागाच उरत नाही.

सोयाबीन निघालेलं, ढेकळं फोडून सपाट केलेलं वावर, विहिरीपासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब, सोबत मोठं माणूस. पाऊस पडून गेल्यावर आपली काळी माती चाकाला गुंडाळते, तेव्हा दोन-तीन दिवस गाडी बंदच. हे सगळं मूळ लेखात आहे.

तुमच्या मुलासाठी १२५ आधीच घेतली असेल, आणि प्रतिक्रियेच्या सुरावरून मला तसं वाटतं, तर आज संध्याकाळी त्याला इंजिन बंद ठेवून तिच्यावर उभं करा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवायला सांगा. हात पोचत नसेल तर चावी तुमच्या खिशात ठेवा.