मागे काहीतरी लावा!

व्हिडिओ शूट झाला, कापाकापी झाली, आता फक्त 'मागे काहीतरी लावायचं' राहिलंय, असं म्हणणाऱ्यांची मला कीव येते. अहो, संगीत आधी निवडायचं असतं. विषय काय, मागाहून मिळतो. माझ्या फोनमध्ये या क्षणी चार तुकडे तयार आहेत आणि त्यांना शोभेलसा नातेवाईक मी शोधतोय.

सगळ्यात आधी शांततेची भीती बाळगा. व्हिडिओत तीन सेकंद कुणी बोललं नाही तर बघणाऱ्याला वाटतं की आपला फोन म्यूट झाला. तो आवाज वाढवायला जातो आणि तेवढ्यात अंगठा सरकून तुम्ही वर गेलेले असता. म्हणून माणूस बोलत असतानाही मागे काहीतरी वाजलंच पाहिजे. बोलणं सुरू झालं की संगीत खाली घ्यावं, असं जुने लोक सांगतात. खाली मुळीच घेऊ नका. बोलणं ऐकू आलं नाही तर लोक पुन्हा पाहतात, म्हणजे व्ह्यूज दुप्पट.

आता गड. गडाच्या व्हिडिओला ढोल-ताशा हवा हे शेंबडं पोरही सांगेल, पण तेवढ्यावर भागत नाही. त्याच्या मागे चाळीस-पन्नास पुरुष लॅटिनसारखं काहीतरी ओरडत असले पाहिजेत. सह्याद्रीत चर्चमधला कोरस कुठून आला, असं आजवर कुणीही विचारलेलं नाही. कोकणकड्यावर उभं राहिलं की वारा कानात असा घुसतो की शेजारच्याचं बोलणं कळत नाही. तो वारा चुकूनही व्हिडिओत येता कामा नये. सुदैवाने बहुतेक ड्रोनना माइकच नसतो, त्यामुळे ही काळजी कंपन्यांनीच घेतलेली आहे. मिक्सिंग मात्र मोठे हेडफोन लावूनच करा. ढोलाचा ठोका छातीत बसला की समजायचं, जमलं. फोनच्या इवल्याशा स्पीकरला तो खर्ज झेपत नाही, एसटीत बसून बघणाऱ्याला नुसती ताशाची तडतड ऐकू येते, हा त्याच्या फोनचा दोष.

दुःखाचं शास्त्र वेगळं. पूर्वी कुणी मोठं गेलं की आकाशवाणी सारंगी लावायची. त्यामुळे एक अख्खी पिढी अशी तयार झाली, जिला सारंगी ऐकली की राग नंतर आणि 'कोण गेलं?' आधी आठवतं. हल्ली ते काम पियानो करतो. एका बोटाने, एकेक पट्टी, थांबत थांबत. मी तो काकांच्या निवृत्तीच्या व्हिडिओला लावला. दोघांनी फोन करून विचारलं, "कधी गेले?" काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण शेअर किती झाला म्हणता!

कॉपीराइटला घाबरू नका. वर्णनात 'गाण्याचे सर्व हक्क मूळ मालकाकडे' असं लिहायचं की झालं. शेजाऱ्याची स्कूटर नेताना सीटवर 'ही शेजाऱ्याची आहे' अशी चिठ्ठी लावावी, इतकं ते कायदेशीर आहे. दहा सेकंदांपर्यंत चालतं, असंही सगळे सांगतात. कायद्यात कुठे लिहिलंय ते विचारू नका, सगळे सांगतात ना? फारच धास्ती वाटली तर गाणं काळी दोनमधून काळी पाचमध्ये चढवा. गायिकेची चिमणी होईल, पण तुम्ही सुटाल. खरं तर सुटत नाही. यूट्यूबने २००७ पासून गाण्यांचे ठसे ओळखणारी यंत्रणा बसवली आहे आणि तिला चिमण्याही ओळखता येतात. मग व्हिडिओ अडवायचा, की चालू ठेवून जाहिरातीचे पैसे स्वतःकडे घ्यायचे, हे मालक ठरवतो. घेईना का! आपल्या हळदीच्या व्हिडिओतून कुणाचा तरी संसार चालतोय.

हळदीवरून आठवलं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात लग्नाला खास सवलत आहे. कलम ५२ म्हणतं, लग्नाच्या वरातीत किंवा लग्नसोहळ्यात गाणं वाजवलं तर तो हक्कभंग नव्हे. वरात पुढे चौकातून वळून इंटरनेटवर गेली तर काय, यावर वाद घालायला वाव आहे. मी घातला. यंत्राने उत्तर दिलं नाही.

कुणी म्हणेल, मग काहीच न लावलेलं बरं. त्यांनी ऑस्ट्रेलियातला किस्सा ऐकावा. तिथल्या एका संगीततज्ज्ञाने दहा तासांची नुसती खरखर यूट्यूबवर टाकली होती, जुन्या टीव्हीवर मुंग्या आल्या की यायची तशी. २०१८च्या सुरुवातीला त्या खरखरीवर कॉपीराइटचे पाच दावे निघाले. खरखरीलाही जिथे मालक निघतात, तिथे युकुलेली काय वाईट?

युकुलेली हा माझा हातखंडा. मदेरा बेटावरच्या पोर्तुगीज मजुरांनी १८७९ साली आपली छोटी गिटार हवाईला नेली, तिची तिथे युकुलेली झाली आणि तिथून ती, मधले थांबे मला नक्की माहीत नाहीत, मावशीच्या थालीपिठावर आली. सोबत आनंदी शिट्टी. मावशीने ओल्या फडक्यावर भाजणीचा गोळा थापला, मधोमध भोकं पाडली, तव्यावर टाकून भोकांत तेल सोडलं. चर्र झालं. झाकणावरचं पाणी तव्यात टपकलं, पुन्हा चर्र. कॅमेऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "किती मिनिटं ते मला विचारू नका. कान द्या. चुरचुर मंदावली की उलटायचं." मी ते चुरचुरणं घरी येऊन शून्यावर नेलं आणि शिट्टी वाढवली. व्हिडिओ भलताच चालला. खाली 'करपलं', 'माझंही करपलं', 'ताई, गॅस किती ठेवायचा?' अशा प्रतिक्रियांची रांग लागली.

मावशीने तो चष्मा लावून पाहिला, मग चष्मा काढून फोन कानाला लावून ऐकला.

"अरे, ही शिट्टी कसली? कुकर तर मी लावलाच नव्हता."

तिचं म्हणणं मला लगेच पटलं. मी शिट्टी काढली आणि बासरी टाकली.